‘गेस हूज कमिंग टू डिनर’ पहिल्यांदा बघताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणालाही हा सिनेमा सुचवला की साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मला हा सिनेमा मनापासून आवडतो आणि त्यातल्या काही गोष्टी खटकतातही, दोन्ही खाली येईल.

नक्की आहे कशाबद्दल? थोडक्यात सांगा.

१९६७चा अमेरिकन सिनेमा, दिग्दर्शक स्टॅनली क्रेमर, लेखक विल्यम रोज. सॅन फ्रान्सिस्कोतलं एक सुखवस्तू गोरं घर. वडील मॅट ड्रेटन वर्तमानपत्राचे मालक, आयुष्यभर समानतेच्या बाजूने लिहीत आलेले, आई क्रिस्टिना आर्ट गॅलरी चालवते. त्यांची २३ वर्षांची मुलगी जोई हवाईला गेलेली असते, तिथे दहा दिवसांत प्रेमात पडते आणि होणाऱ्या नवऱ्याला घेऊन थेट घरीच येते. तो डॉ. जॉन प्रेंटिस (काम केलंय सिडनी पॉइटिएने), वय ३७, बायको आणि मुलगा आठ वर्षांपूर्वी अपघातात गेलेले, आणि तो काळा आहे. त्याच रात्री तो कामासाठी जिनिव्हाला निघणार, त्यामुळे जे काय ठरायचं ते आजच. एवढ्यात त्याचे आईवडीलही लॉस एंजेलिसहून जेवायला येऊन पोचतात आणि मुलगी गोरी आहे हे त्यांना तोवर माहीतच नसतं.

स्पॉयलर आहेत का पुढे?

आहेत. शेवट काय होतो याचा अंदाज पहिल्या वीस मिनिटांत येतोच, तरी तुम्हाला काहीच माहीत न करता बघायचा असेल तर आधी बघून या. १०८ मिनिटांचा आहे.

इतका जुना, ब्लॅक अँड व्हाइट असेल ना? कंटाळा येईल?

नाही, रंगीत आहे, चांगला झगझगीत रंगीत. कंटाळ्याचं म्हणाल तर हा बोलका सिनेमा आहे, जवळजवळ सगळा एका घरात आणि त्याच्या गच्चीवर घडतो, ज्यांना नाटक बघायची सवय आहे त्यांना अजिबात जड जाणार नाही. दोन माणसं एका खोलीत जातात, काहीतरी बोलतात, बाहेर येतात तेव्हा कुणाचं तरी मत थोडं सरकलेलं असतं, मग दुसरी दोन माणसं. इंग्रजी सबटायटल लावाच, कारण बोलतात भराभर आणि अर्धी मजा वाक्यांत आहे.

खिडकीतून दिसणारं ते सॅन फ्रान्सिस्कोचं दृश्य पडद्यावर रंगवलेलं आहे हे लगेच कळतं, तिकडे दुर्लक्ष करा.

काळा मुलगा, गोरी मुलगी, यात एवढं काय विशेष?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर तारखांमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५८ साली रिचर्ड लव्हिंग हा गोरा माणूस आणि काळ्या व मूळनिवासी वंशाची मिल्ड्रेड यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं आणि व्हर्जिनियात आपल्या गावी परत आले. काही आठवड्यांत पोलीस रात्री थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. गुन्हा काय, तर लग्न. एक वर्षाची शिक्षा झाली, ती स्थगित केली पण अट अशी की २५ वर्षं दोघांनी मिळून व्हर्जिनियात पाऊल टाकायचं नाही. ती केस लढत लढत सुप्रीम कोर्टात गेली आणि १२ जून १९६७ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने असे कायदे रद्द केले. त्या दिवशी १६ राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. कॅलिफोर्नियात, म्हणजे सिनेमा घडतो तिथे, १९४८च्या कोर्टाच्या निकालापासून परवानगी होती.

आता सिनेमाचं शूटिंग झालं १९६७च्या वसंतात, म्हणजे निकालाच्या आधी, आणि रिलीज झाला डिसेंबरमध्ये, निकालानंतर. त्यात जॉनचे वडील मुलाला सुनावतात की सोळा-सतरा राज्यांत तू कायदा मोडत असशील. हे वाक्य बोललं गेलं तेव्हा खरं होतं आणि लोकांनी थिएटरात ऐकलं तेव्हा खरं राहिलं नव्हतं! ते वाक्य आलं की क्षणभर थांबून ऐका, इतकी ताजी जखम होती ती.

आणि कायदा गेला म्हणजे मनं बदलली असं तर नव्हतंच. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत अशा लग्नाला बरं म्हणणारे अमेरिकन १९५८ साली ४ टक्के होते, १९६८ साली २० टक्के, आणि २०२१ साली ९४ टक्के. सिनेमा आला तो पाचातले चार जण ‘बरं’ म्हणत नव्हते त्या काळात, मोठ्या स्टुडिओचा, मोठ्या स्टार्सचा, आणि तुफान चालला. हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीत तर १९५६पर्यंत काळ्या-गोऱ्यांचे प्रेमसंबंध दाखवायलाच बंदी होती.

किसिंग सीन वगैरे आहेत का? घरच्यांबरोबर बघायचाय.

बिनधास्त बघा. एकच चुंबन आहे, सुरुवातीला टॅक्सीत, तेही ड्रायव्हरच्या समोरच्या छोट्या आरशात दिसतं. म्हणजे आपण ते एका परक्या माणसाच्या नजरेतून बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर नाराजी आहे. त्यानंतर अख्ख्या सिनेमात हे दोघं एकमेकांना फारसे स्पर्शही करत नाहीत. काहींना हा भित्रेपणा वाटतो आणि ते चुकीचं नाहीये, पण त्या आरशाच्या शॉटमध्ये एक खरी गोष्ट आलीय असं मला वाटतं: यांचं प्रेम यांचं एकट्याचं कधी असणारच नाही, कुणीतरी सतत बघत असणार.

सिनेमातला व्हिलन कोण?

तसा कुणी नाही, आणि मला विचाराल तर हीच या सिनेमाची सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. उघड वर्णद्वेषी बाई एकच, क्रिस्टिनाच्या गॅलरीत काम करणारी हिलरी. ती ‘तुझ्यावर काय प्रसंग आलाय गं’ छापाची सहानुभूती दाखवायला घरी टपकते. क्रिस्टिना तिला गोड बोलत तिच्या गाडीपर्यंत नेते आणि तिथे, आवाज जराही न चढवता, सांगते की गॅलरीत जा, स्वतःच्या नावाने पाच हजार डॉलरचा चेक लिही, आणि मला पुन्हा कधी दिसू नकोस. कॅथरीन हेपबर्नने हा सीन असा केलाय की टाळ्या पडतात.

पण हिलरी गेली की प्रश्न संपत नाही, खरा प्रश्न घरात बसलाय, चांगल्या माणसांच्या डोक्यात. मॅटने मुलीला लहानपणापासून शिकवलं की सगळी माणसं समान, मुलीने ते खरं मानलं, आणि आता ती ते घेऊन दारात उभी आहे. मॅट काय म्हणतो? माझा विरोध नाही, मला तुमची काळजी वाटते, लोक तुम्हाला जगू देणार नाहीत, मुलांचं काय होईल. त्याचा जुना मित्र, तो पाद्री रायन, त्याला तोंडावर चिडवतो की आयुष्यभराचा पुरोगामी आज बरोबर सापडला.

तो आइस्क्रीमचा सीन कशाला आहे? काही कळलं नाही.

बऱ्याच जणांना तो मधेच घुसवल्यासारखा वाटतो. मॅट आणि क्रिस्टिना डोकं शांत करायला गाडी काढून ड्राइव्ह-इनला जातात. मॅट एक फळाचं आइस्क्रीम मागवतो, चव अनोळखी निघते, पहिल्या चमच्याला तोंड वाकडं करतो, हे मी मागितलं नव्हतं म्हणतो, मग आणखी एक चमचा, मग म्हणतो अरे बरं आहे की. इथवर ठीक, दिग्दर्शकाला काय सांगायचंय ते जरा जास्तच स्पष्ट आहे.

महत्त्वाचं नंतर आहे. गाडी मागे घेताना तो एका काळ्या तरुणाच्या गाडीला ठोकतो. पोरगा खवळतो, भांडण, मॅट पैसे काढून देतो आणि निघतो, आणि मग गाडीत बायकोशी कुरकुरतो की या शहरात ही माणसं बारा टक्केसुद्धा नसतील, तरी मला साधं आइस्क्रीम खायला गेलं तरी यांच्यातलाच एक भेटावा! हे बोलतोय तो माणूस ज्याच्या अग्रलेखांवर अख्खं शहर चिडायचं. डॉक्टर, विद्वान, सुसंस्कृत जॉनसमोर तो कधीच असं बोलला नसता. चिडल्यावर आत काय आहे ते बाहेर आलं. हा सीन मी कुणालाही स्किप करू देत नाही.

जॉन जरा जास्तच परफेक्ट नाही का?

आहे. जॉन्स हॉपकिन्समधून शिकलेला, येलला शिकवलेला, जागतिक आरोग्य संघटनेसाठी काम करणारा, देखणा, नम्र, आणि वर मुलीच्या आईवडिलांना बाजूला घेऊन सांगणारा की तुमची पूर्ण संमती नसेल तर मी लग्न करणार नाही. जोईला याचा पत्ताच नाही! ही टीका तेव्हापासून होतेय आणि काळ्या लेखक-समीक्षकांनी ती सगळ्यात जोरात केली, की गोऱ्या प्रेक्षकाला झेपावा म्हणून पॉइटिएला प्रत्येक वेळी संत करून ठेवतात. क्रेमरचं उत्तर असं होतं की मुद्दामच केलं, दुसरं कुठलंही कारण शिल्लक ठेवायचं नव्हतं, म्हणजे नकार आला तर तो फक्त कातडीच्या रंगामुळेच.

मला दोन्ही बाजू पटतात. युक्तिवाद म्हणून क्रेमरचं बरोबर आहे. पण आपल्या मुलाला कसंही असायची मुभा आणि दुसऱ्याच्या मुलाला नोबेल मिळवण्याइतकं हुशार असल्याशिवाय दारात उभं करायचं नाही, ही काय समानता झाली? साधा क्लार्क असता, थोडा तापट असता, तर मॅटने काय केलं असतं? सिनेमा हे विचारत नाही. तुम्ही विचारा, बघताना.

आणि जोईबद्दलही तेच. तिला लिहिलीच नाहीये नीट, ती फक्त आनंदी आहे. कॅथरीन हॉटनचा पहिला सिनेमा, खऱ्या आयुष्यात हेपबर्नची भाची, बिचारीला करायला फार काही दिलेलंच नाही. ज्या लग्नावर एवढं रामायण चाललंय त्या लग्नातल्या मुलीशीच कुणी सविस्तर बोलत नाही.

कुठले सीन नीट लक्ष देऊन बघायचे?

दोन. दोन्ही जॉनच्या आईवडिलांचे.

पहिला बापलेकांचा. जॉनचे वडील रिटायर्ड पोस्टमन. ते मुलाला सुनावतात की तीस वर्षं ती थैली खांद्यावर घेऊन मी ७५ हजार मैल चाललो (म्हणजे जवळजवळ सव्वा लाख किलोमीटर हो!), अंधारात लोकांची लॉन कापली, तू पुस्तकं वाचावीस म्हणून. आणि तुझ्या आईला ज्या गोष्टी मिळायला हव्या होत्या त्या तिने तुझ्यासाठी सोडल्या, भारीतल्या नाही म्हणत मी, एक बरा कोट. एक बरा कोट! आपल्यातल्या कितीतरी जणांनी घरात हे अगदी असंच ऐकलंय, फक्त कोटाच्या जागी साडी किंवा पाटल्या असतील. आणि जॉनचं उत्तर त्याहून कठीण: तुम्ही जे केलंत ते करायचंच होतं, कारण तुम्ही मला जन्माला घातलंत, मी तुमचं देणं लागत नाही, मी माझ्या मुलांचं लागेन. पुढे म्हणतो, तुम्ही स्वतःला काळा माणूस समजता, मी स्वतःला माणूस समजतो. सौम्यपणाचा सगळा मुखवटा इथे एकदाच उतरतो आणि पॉइटिए काय ताकदीचा नट होता ते दिसतं. मला त्या वडिलांची बाजूही तेवढीच खरी वाटते. त्यांची भीती पोकळ नाही, त्यांनी तो देश खालून पाहिलाय.

दुसरा, गच्चीवरचा, जॉनची आई आणि मॅट. बिया रिचर्ड्सने केलेली ही आई तोपर्यंत फार कमी बोललीय. हॅट, हातमोजे, पाहुणी म्हणून जपून बसलेली बाई. ती शांतपणे मॅटला सांगते की तुम्ही दोघं म्हातारे पुरुष विसरलात. माझ्या मुलाला तुमच्या मुलीबद्दल जे वाटतं तसं तुम्हाला कधी वाटलं असेलही, पण आता त्यातलं काही आठवत नाही तुम्हाला. एवढंच. ती समानता, कायदा, समाज यातलं काही काढत नाही. आणि मॅटचं मत जे फिरतं ते इथे फिरतं, शेवटचं भाषण त्याचं असलं तरी ते याच बाईला दिलेलं उत्तर आहे. बिया रिचर्ड्स पॉइटिएपेक्षा फक्त सात वर्षांनी मोठी होती, हे सांगूनही खरं वाटत नाही.

स्वयंपाकीण टिली काळी असून जॉनवरच का भडकते?

टिलीचं म्हणणं, नागरी हक्क ही एक गोष्ट आणि हे भलतंच काहीतरी. तिने जोईला वाढवलंय आणि हा माणूस वर चढायला बघतोय अशी तिची खात्री आहे. इसाबेल सॅनफर्डने टायमिंग जबरदस्त केलंय, पण टिली विनोदापुरतीच ठेवली हे मला आवडत नाही. शेवटचं वाक्यसुद्धा तिलाच उद्देशून आहे, की जेवण कधी वाढतेस. ज्या घरात दिवसभर समानतेवर चर्चा झाली तिथे वाढायचं काम तिचंच राहतं.

शेवटच्या भाषणात हेपबर्न खरंच रडतेय का?

हो. मॅट झालेला स्पेन्सर ट्रेसी आणि हेपबर्न पाव शतक एकमेकांबरोबर होते, लग्न कधी झालं नाही. ट्रेसी तेव्हा इतका आजारी होता की कुठली विमा कंपनी त्याचा विमा उतरवायला तयार नव्हती, क्रेमर आणि हेपबर्नने आपलं मानधन तारण ठेवलं तेव्हा सिनेमा सुरू झाला. दिवसाचे काही तासच तो काम करायचा. त्या भाषणात मॅट म्हणतो की या दोघांना एकमेकांबद्दल जे वाटतं ते आम्हाला वाटलं त्याच्या निम्मं जरी असलं तरी पुरे आहे, आणि मागे बसलेल्या हेपबर्नचे डोळे भरलेत. सगळ्यांना माहीत होतं तो फार दिवस नाही. आपला शेवटचा सीन संपवून १७ दिवसांनी, १० जूनला तो गेला. लव्हिंग खटल्याचा निकाल त्यानंतर दोन दिवसांनी लागला. हेपबर्नने तयार सिनेमा कधीच बघितला नाही.

तरी एक लक्षात असू द्या, भाषण कितीही सुंदर असलं तरी बाकी सगळी माणसं गप्प बसून एका गोऱ्या गृहस्थाच्या निर्णयाची वाट बघतायत. १९६७मध्ये कदाचित हाच मार्ग होता.

ऑस्कर मिळालं का?

दहा नामांकनं, दोन मिळाली: हेपबर्न आणि पटकथेसाठी विल्यम रोज. ट्रेसीला मरणोत्तर नामांकन होतं. पॉइटिएला नामांकनसुद्धा नाही, हे आजही पटत नाही. तो सोहळा ८ एप्रिल १९६८ला होणार होता, ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली म्हणून दोन दिवस पुढे ढकलला. सिनेमात टिली किंग यांच्या नावाने एक विनोद मारते, ते ऐकताना ही तारीख डोक्यात राहते.

हे आपल्या आंतरजातीय लग्नासारखंच आहे का?

वंश आणि जात एक नाही, अमेरिकेतला गुलामगिरीचा इतिहास वेगळा, ते सरळ एकावर एक ठेवून बघू नका. पण मॅटची भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘आमचं काही नाही हो, पण नातेवाईक काय म्हणतील’, ‘आम्ही जातपात मानत नाही, पण राहणीमान जुळायला हवं ना’, ‘पुढे मुलांना त्रास’, ही वाक्यं पुण्या-मुंबईच्या शिकल्या-सवरलेल्या घरांत आजही बोलली जातात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न, आणि स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४पासून आहे. म्हणजे कायदा अमेरिकेच्याही आधी हातात होता. आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबापांनी तर हा सिनेमा जरूर बघावा, मुलगी गोरा जावई घेऊन आली तर चालतो आणि काळा आणला की घरात सन्नाटा, हा प्रश्न त्यांच्या दाराशी कधीही येऊ शकतो.

आईबाबांना दाखवू का? आमचंही असंच काहीतरी चाललंय.

दाखवा, पण सिनेमा संपल्या संपल्या विषय काढू नका. आणि त्यांना मॅटशी जोडू नका, जॉनच्या आईशी जोडता आलं तर बघा.

यानंतर काय बघू?

२००५ साली उलटा रीमेक आला होता, काळं कुटुंब आणि गोरा जावई, हलकाफुलका आहे, सोडलात तरी चालेल. त्यापेक्षा पॉइटिएचाच ‘इन द हीट ऑफ द नाइट’ बघा, तोही १९६७चाच आणि त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. त्यात दक्षिणेतला एक बडा गोरा जमीनदार पॉइटिएच्या थोबाडीत मारतो आणि तो क्षणाचाही विचार न करता उलट त्याच्या थोबाडीत ठेवून देतो. ज्यांना जॉन फार मवाळ वाटला त्यांनी दुसऱ्याच दिवशी लावा.